मराठी नावाचा रकाना

भिकोबा चाळ, लालबाग
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

ताई,

मायना लिहिताना अडलो. ‘आदरणीय’ लिहिलं तर तुम्ही हसाल, आणि नुसतं ‘ताई’ लिहायचा हक्क मला उरला आहे की नाही ते कळत नाही. शेवटी तेच लिहिलं आहे. तुम्हाला फोन दोनदा लावला होता, पण रिंग जायच्या आत मीच कट केला. फोनवर मी गडबडतो. कागदावर निदान खोडता येतं. हा कागद दुसऱ्यांदा उतरवून काढला आहे, म्हणून खाडाखोड दिसणार नाही.

तुमचं येणं बंद होऊन एक वर्ष सात महिने झाले. तुम्ही सुरू केलेला वर्ग बंद पडलेला नाही, हे आधी सांगतो. दर रविवारी नऊ वाजता मुलं रुंबडाखालच्या कट्ट्यावर येतात. आज अकरा होती. परिसराची वही तुम्ही आखून दिली होती तशीच आखतो : क्रमांक, शास्त्रीय नाव, मराठी नाव, घरी काय म्हणतात, आणि शेवटी ‘कोण राहतं’. ‘घरी काय म्हणतात’ हा रकाना भरायला मुलांना अजून घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागतं आणि त्यावरून अजून भांडणं होतात. आज आवारातल्या एकाच झाडाला चार नावं आली. गंगुआजींकडे रुंबड, दुसऱ्या मजल्यावरच्या अप्पांकडे औदुंबर, पुस्तकात उंबर, आणि इस्त्रीवाल्या यादवांच्या मुलीने सांगितलं गूलर. मग मी तुमच्यासारखं एक उंबर फोडून दाखवलं. आतले चिमुकले कीटक बाहेर आले तशी सगळी मुलं ओरडत कट्ट्यावर चढली. गंगुआजींची नात स्पृहा तेवढी चढली नाही. ती आता चौथीत आहे. ‘कोण राहतं’ या रकान्यात तिने लिहिलं : खूप जण.

गॅलरीतून पिशव्या खाली टाकणं बरंच कमी झालं आहे. मुलंच पहारा देतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी परवा मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, “लवू, तुझ्या पोरांनी जगणं मुश्कील केलंय. माझाच नातू मला म्हणतो, आज्जी, भाजीची देठं वेगळी ठेव नाहीतर वहीत नाव लिहीन.” मी सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, “सॉरी काय? डबा आण एक मोठा.”

मी अजून त्याच फ्लेक्सच्या दुकानात आहे. वाढदिवस, श्रद्धांजली, मंडळाचे बॅनर. बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तुम्ही आणून दिला होता, तो भरला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. चाळीच्या पुनर्विकासाचं काम पुढे सरकलं आहे. प्लॅन आला आहे. आवारातली पाचही झाडं त्यात बसत नाहीत. रुंबडाच्या जागी गाड्यांची लिफ्ट आहे. झाडं काढायला रहिवाशांची संमती लागते, म्हणून एक संमतिपत्र तयार करण्यात आलं आणि घरोघरी फिरवण्यात आलं. अठ्ठेचाळीस खोल्यांपैकी एकेचाळीस सह्या झाल्या. संमतिपत्रात झाडांची फक्त शास्त्रीय नावं आहेत. थेस्पेसिया पॉप्युल्निया, मोरिंगा ओलिफेरा, कोकोस न्युसिफेरा, पेल्टोफोरम टेरोकार्पम, फायकस रेसिमोसा. खाली ‘एकूण झाडे : ५’ आणि सह्यांच्या जागा.

फायकस रेसिमोसा म्हणजे कोण, ते तुम्हाला सांगायला नको. पण ज्यांनी सह्या केल्या त्यांना ते माहीत नाही. दर गुरुवारी त्याच्या बुंध्यापाशी दत्ताच्या पादुकांसमोर दिवा लावणाऱ्या गंगुआजींनीही सही केली आहे. त्यांना अक्षर म्हणून फक्त स्वतःची सहीच येते.

त्यांना सांगायला हवं का? कोणी सांगायला हवं? तुम्ही एक ओळ लिहिलीत तरी पुरे.

लवू


मंगळवार, ४ मार्च २०२५

ताई,

उत्तर आलं नाही. माटुंग्याला पत्र पोचायला दोन दिवस लागतात असं पोस्टात म्हणाले, म्हणजे पोचलं असणार. मी समजू शकतो. तरी लिहितो आहे, कारण रविवारी एक गोष्ट झाली आणि ती दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

संमतिपत्राची एक प्रत शरदकाकांनी जिन्याखालच्या फळ्यावर लावली आहे. शरदकाका आता कमिटीचे सेक्रेटरी आहेत. कागदावर ‘शरच्चंद्र’ असं पूर्ण नाव लिहिलेलं त्यांना आवडतं. मुलं शाळेतून येताना तो फळा वाचतात. वर्गात आल्याबरोबर स्पृहाने वही उघडली.

“लवूदादा, फळ्यावरची पाच नावं मी उतरवून आणली. थेस्पेसिया म्हणजे भेंड. मोरिंगा शेवगा. कोकोस नारळ. पेल्टोफोरम सोनमोहर. बरोबर?”

“बरोबर.”

“फायकस रेसिमोसा कोण? तो अजून आपण लिहिला नाही.”

शास्त्रीय नाव मी शेवटी सांगतो, हे तुमचंच शिकवणं. आधी घरचं नाव, मग पुस्तकातलं, मग शास्त्रीय. रुंबडाचं शास्त्रीय नाव सांगायचं होतं तो रविवार हाच. सगळी मुलं पेन धरून बसली होती. तिच्या मागेच गंगुआजी कट्ट्यावर तांदूळ निवडत होत्या.

मी म्हणालो, “तो आपल्या आवारातला नाही. मागच्या गल्लीतला आहे. चुकून आपल्या यादीत आलाय.”

तिने तसं लिहून घेतलं. ‘मराठी नाव’ या रकान्यात रेघ मारली आणि शेवटी लिहिलं : मागच्या गल्लीत. अक्षर छान आहे तिचं.

पाच वर्षं, आधी तुमच्या हाताखाली आणि मग एकटा, मी या मुलांना सांगतो आहे की माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा, पण चुकीचं लिहू नका. हे वाक्यही तुमचंच.

आमच्या घरातलं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही गेल्यानंतर ते वाढलं आहे. आईचे दोन्ही गुडघे गेले. संडास गॅलरीच्या टोकाला, आमची खोली दुसऱ्या टोकाला. आई दुपारनंतर पाणी पीत नाही. भावाचं, राहुलचं, लग्न ठरलं आहे. मुलगी परळची, अक्षता, बँकेत आहे, स्वभावाने चांगली. तिचे वडील येऊन खोली बघून गेले. पोटमाळ्याकडे बघून म्हणाले, “नवीन जागेचं कधीपर्यंत होईल?” राहुल म्हणाला, “झालंच, काका. झाडांची परवानगी आली की झालं.” मी चहा देत होतो. राहुलने माझ्याकडे बघितलं नाही, पण ते वाक्य माझ्यासाठीच होतं, असं मला वाटलं. मला सगळीच वाक्यं माझ्यासाठी वाटतात, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात.

पंचवीस तारखेला वॉर्ड ऑफिसचे साहेब पाहणीला येणार आहेत. मग प्रत्येक झाडावर नोटीस चिकटेल. तेव्हा तर सगळ्यांना कळेलच. शरदकाका म्हणतात, “कळू दे की. सही केलेला माणूस ओरडत नाही.”

लवू


सोमवार, १० मार्च २०२५

ताई,

काल स्पृहा आणि दोन मुलं मागच्या गल्लीत गेली होती. फायकस रेसिमोसा शोधायला. अकरा वाजताच्या उन्हात, वही घेऊन. मी पाठवलं नव्हतं. ‘जे लिहिलं ते जाऊन बघायचं’ ही सवय आपणच लावली आहे. परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

“दादा, तिथे झाडच नाही. गाळे आहेत आणि एक ट्रान्सफॉर्मर.”

मी म्हणालो, “मग कापलं असेल.”

तिने वही गुडघ्यावर घेतली आणि लिहिलं : कापलं. पुढे कालची तारीख. त्या वेळी ती रुंबडाला पाठ टेकून बसली होती.

म्हणून आज जे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं ते लिहितो. पहिल्या पत्रात मी ‘संमतिपत्र तयार करण्यात आलं’ असं लिहिलं आहे. ते मी तयार केलं. दुकानात, माझ्या कॉम्प्युटरवर. बिल्डरच्या माणसाने दिलेली यादी इंग्रजीत होती, तिची मराठी यादी मी केली. पहिल्या प्रतीत चार रकाने होते : क्रमांक, शास्त्रीय नाव, मराठी नाव, संख्या. पाचव्या ओळीत मी ‘उंबर (औदुंबर)’ असं नीट लिहिलं होतं.

शरदकाका प्रत घ्यायला दुकानात आले. बाकावर बसून त्यांनी ती वाचली आणि कपाळ चोळलं.

“प्रोफेसर, हे काय करून ठेवलंस? औदुंबर वाचून कोण सही करेल? गंगुआजी मला चपलेने मारेल.”

मी प्रिंटरमधले कागद सारखे करत राहिलो.

“अरे सांग ना काहीतरी. तू शिकलेला आहेस.”

मी शिकलेला नाही, हे त्यांना माहीत आहे. पण ते तसं म्हणाले आणि मला बरं वाटलं. मग मी म्हणालो, “मराठी नावाचा रकाना काढून टाकू या. ऑफिसला शास्त्रीय नावंच लागतात. त्यात खोटं काहीच नाही.”

ती कल्पना माझी होती, ताई. त्यांच्या डोक्यात नव्हती. ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, “वा रे वा.” मी रकाना काढला, उरलेल्या तिन्हींची रुंदी सारखी केली, आणि पॉप्युल्निया बरोबर लिहिलं आहे का ते तुमच्या जुन्या टिपणांत बघून घेतलं.

शरदकाका वाईट माणूस नाहीत. त्यांचे वडील याच चाळीत संडासाच्या रांगेत उभे असताना गेले. हातात टमरेल होतं. ते हे कधी सांगत नाहीत, पण चाळीत सगळ्यांना माहीत आहे.

आणि दुसरी गोष्ट. तुम्हाला कमिटीचं जे पत्र आलं होतं, ‘बाहेरील व्यक्तींनी चाळीच्या अंतर्गत बाबींत हस्तक्षेप करू नये’, ते माझ्या अक्षरात होतं. तुम्ही ते ओळखलं असणार. सहा वर्षं तुम्ही माझं अक्षर तपासत होता. त्या पत्राच्या आधीच्या सभेत तुम्ही एवढंच म्हणाला होतात की झाड ठेवून इमारत बांधता येते, आर्किटेक्टला विचारून बघा. बाकीचं लोकांनी वाढवलं. शरदकाकांनी मला मजकूर सांगितला आणि मी तो लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मला सांगितलं, एवढंच कारण होतं. आणि नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं, म्हणजे होतं, पण तोंडातून आलं नाही. त्या पत्रात एकही चूक नव्हती. मी तीनदा तपासलं होतं.

त्यानंतर तुमच्या घरापर्यंत दोनदा येऊन परत गेलो आहे. एकदा तुम्ही बाल्कनीत कपडे वाळत घालत होता.

मला आता काय करावं ते सुचत नाही. सांगितलं तर आईचं आणि राहुलचं घर जातं. नाही सांगितलं तर पंचवीस तारखेला स्पृहा झाडावरची नोटीस वाचेल, आणि तिच्या वहीत लिहिलेलं आहे की ते झाड मागच्या गल्लीत होतं आणि कापलं. खाली मी बरोबरची खूण करून सही केली आहे. दर आठवड्याला करतो तशी.

लवू


शुक्रवार, २१ मार्च २०२५

ताई,

काल मी गंगुआजींना सांगितलं.

दुकानातून साडेपाचला निघालो. आजी पादुकांसमोर वाकून वात पुढे सरकवत होत्या. स्पृहा क्लासला गेली होती. आवारात दुसरं कोणी नव्हतं. मी घोकून गेलो होतो, पण तोंड उघडल्यावर सगळं उलट्या क्रमाने आलं. आधी रकाना, मग यादी, मग झाड. शेवटी म्हणालो, “आजी, तुम्ही ज्या कागदावर सही केलीत त्यात हा रुंबड आहे. फायकस रेसिमोसा म्हणजे हाच. नाव मी लपवलं.”

आजींनी हात पदराला पुसले. मला वाटलं ओरडतील. त्या कट्ट्यावर बसल्या.

“अरे लवू,” म्हणाल्या, “माका वाचूक येना नाय. पण मोजूक येता.”

मला कळलं नाही.

“आवारात झाडां किती?”

“पाच.”

“आणि कागदार?”

“पाच.”

“मगे रुंबड खंय जातलो?”

ताई, मी तो कागद किती वेळा तपासला असेल. प्रत्येक वेलांटी बघितली. ‘एकूण झाडे : ५’ हे मीच लिहिलं, ठळक अक्षरात. आवारात पाचच झाडं आहेत हे चाळीतलं शेंबडं पोरही सांगेल. एवढं मला दिसलं नाही.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“सगळ्यांका ठाऊक आसा. अप्पाक ठाऊक, तुज्या आवशीक ठाऊक.”

“मग सही का केलीत?”

आजींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच चौथीत आहे.

“पोरगी मोठी होता. मोरी पडद्याआड. बाहेर बापूस बसलेलो, काको बसलेलो. किती दिवस न्हायतली ती तशी? तुज्या आवशीचो गुडघो माका दिसना नाय?” मग जरा थांबून म्हणाल्या, “तू नाव लिवलंस नाय, म्हणान माका सही करूक जमली. नाव असता तर हात उठलो नसतो. मी म्हटलंय, बरा केल्यान पोरान. शाणो आसा.”

मी उभाच होतो.

“आणि आता येऊन तोंडान बोललंस. त्याच्या फुडे. गुरवारचो.” त्यांनी झाडाकडे बोटही केलं नाही, नुसती हनुवटी हलवली. “आता मी काय करू, सांग.”

मला वाटत होतं की मी त्यांना फसवलं होतं आणि आता सोडवतो आहे. उलटं झालं. कागदावरच्या त्या कोऱ्या जागेत आजी उभ्या होत्या, अप्पा होते, माझी आई होती. तिथून कोणालाच काही दिसत नव्हतं, म्हणून सगळ्यांना तिथे उभं राहता येत होतं. मी ती जागा भरली आणि त्यांना बाहेर काढलं.

मी म्हणालो, “मी बोललोच नाही असं समजा.”

“तसा समजूक येता?” आजी म्हणाल्या.

दिवा लागला होता. वरून कोणीतरी कपड्याचं पाणी झटकलं, ते आमच्यावर पडलं, त्यांनी वर बघून शिवी दिली, आणि मग मला म्हणाल्या, “जा. कागद हाड.”

मी वर जाऊन कागद आणि पेन आणलं. आई खाटेवर बसली होती. काय करतोस, असं तिने विचारलं नाही.

आजींनी मजकूर सांगितला. त्या म्हणाल्या, “लिव. माजी सही माका परत व्हयी.” मी विचारलं, ‘मी दिलेली संमती मागे घेत आहे’ असं लिहू का? त्या म्हणाल्या, “तुझा शाणपण ठेव. मी बोलतंय ता लिव.” मी तसंच लिहिलं, मालवणीत. झाडाचं नाव आलं तेव्हा मी थांबलो आणि म्हणालो, “औदुंबर लिहितो. दत्ताचं आहे, म्हणजे ऑफिसलाही समजेल.”

“दत्ताचो काय तो दत्त बघात. रुंबड लिव. मी लगीन होऊन इलंय तेव्हापासून माजो रुंबड आसा.”

त्यांनी सही केली. सही झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “पोरगी न्हातली पडद्याआड आणखी चार वर्सां. तू बघू नको म्हणजे झाला.” हे त्यांनी थट्टेने म्हटलं की रागाने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तो कागद मी शरदकाकांच्या दारात जाऊन दिला. त्यांनी वाचला. मला वाटलं प्रोफेसर म्हणतील. ते म्हणाले, “रविवारी खाली ये, लवू.”

लवू


सोमवार, २४ मार्च २०२५

ताई,

काल वर्गाच्या वेळेलाच सभा घेतली. मुलांना वर पाठवलं, पण सगळी गॅलरीच्या कठड्याला लटकून ऐकत होती.

शरदकाका कट्ट्यावर चढले. “गंगुआजींनी सही परत मागितली आहे. अक्षर कोणाचं आहे, ते मी सांगायची गरज नाही.”

मी उठून सांगितलं. रकाना काढायची कल्पना माझी होती, हेही सांगितलं. माझा आवाज बारीक आला, तेव्हा मागून कोणीतरी “जोरात बोल” म्हणालं. मग मला ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त कठीण गेलं.

मग आरडाओरडा झाला. ताई, एकाही माणसाने ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हटलं नाही. मी लपवलं म्हणून कोणी रागावलं नाही. मी बोललो म्हणून रागावले. अप्पा म्हणाले, “आम्ही काय डोळे मिटून बसलो होतो काय? बसलो होतो! बसू द्यायचं होतं!” तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “याला त्या मास्तरणीने बिघडवलं.” तुमचं नाव आलं म्हणून हे लिहिलं. तुमच्याबद्दल कोणी आणखी काही बोललं नाही.

शरदकाकांनी खिशातून संमतिपत्र काढलं आणि माझ्यासमोर धरलं. “घे. भर तुझा रकाना. हाताने लिही. आणि आता ज्याला सही करायची आहे त्याने इथे, झाडाखाली, सगळ्यांसमोर करायची. मला चोरून काही नको. माझा बाप काही चोरून गेला नाही.”

मी कागद कट्ट्यावर ठेवून पाचही ओळींच्या कडेला मराठी नावं लिहिली. भेंड, शेवगा, नारळ, सोनमोहर, उंबर. उंबराच्या पुढे कंसात रुंबड. पेन तिथेच ठेवलं.

पहिली सही माझ्या आईने केली.

तिला दोन मजले उतरायला राहुलने हात दिला होता. ती कट्ट्यापर्यंत आली, चप्पल काढली, झाडाला हात लावून तो कपाळाला लावला आणि सही केली. पूर्ण नाव लिहिलं, लक्ष्मी. मग माझ्याजवळून गेली. माझ्याकडे बघितलं नाही. तिच्यानंतर लोक उठायला लागले. काहींनी हात जोडले, काहींनी चटकन उरकलं, दोघींनी सही करून तिथेच रडून घेतलं. अप्पा तीनदा कट्ट्यापर्यंत आले आणि तीनदा परत गेले. गंगुआजी खुर्चीवर बसून राहिल्या. जो सही करायला जाई त्याला त्या नावाने हाक मारून म्हणत, “जा बाबा, जा. तुझा बरोबर आसा.” आणि स्वतः जागेवरून हलल्या नाहीत.

मला सही नाही. खोली आईच्या नावावर आहे.

सव्वीस सह्या झाल्या. निदान चौतीस लागतील असं वकिलांनी सांगितलं होतं. पंचवीस तारखेची पाहणी शरदकाकांनी फोन करून रद्द केली. बिल्डरला झाड ठेवून प्लॅन करता येईल का विचारणार आहेत. तो करेल की चाळच सोडून जाईल, ते कोणालाच माहीत नाही. अक्षताच्या वडिलांना राहुलनेच कळवलं. त्यांनी लग्न मोडलेलं नाही. ‘बघू’ म्हणाले. राहुल मला म्हणाला, “तू त्या झाडावरच जाऊन राहा. तुझी खोली झाली तिथे.” आईने ताट वाढलं. भाजी दुसऱ्यांदा विचारली नाही, तरी वाढली. दुपारी मी दोनदा तिला संडासापर्यंत हात द्यायला उठलो. दोन्ही वेळा तिने भिंत धरली.

तुम्हाला परत या असं म्हणत नाही. मलाही चाळीत सध्या कोणी ‘ये’ म्हणत नाही. आणि जायला दुसरी जागा नाही. दहा बाय अठराची खोली, त्यात तिघं, आणि कोणी बोलत नाही. आज दुकानात आल्यावर तेवढा श्वास घेता आला. तुम्ही उत्तर देऊ नका. आता द्यायला लागलात तर मला वाटेल की मी ते मिळवण्यासाठी हे केलं.

एक गोष्ट राहिली. सभा संपल्यावर स्पृहा वही घेऊन खाली आली. लोक खुर्च्या उचलत होते. तिने पान उघडलं. फायकस रेसिमोसा, मराठी नाव रेघ, मागच्या गल्लीत, कापलं. खाली माझी खूण आणि सही.

तिने रेघ खोडून उंबर लिहिलं, पुढच्या रकान्यात रुंबड. ‘मागच्या गल्लीत’ खोडलं. ‘कापलं’ खोडताना थांबली.

“दादा, खोडलेल्याच्या बाजूला कारण लिहायचं असतं ना?”

“हो.”

“मग काय लिहू? दादाने चुकून सांगितलं, की दादाने मुद्दाम सांगितलं?”

तिच्या मागे गंगुआजी होत्या. ‘चुकून’ हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता.

“मुद्दाम,” मी म्हणालो. “खोटं सांगितलं, असं लिही.”

तिने मान खाली घालून लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली, तपासायला. लिहिलं होतं : दादाने खोट सांगितलं. ‘खोट’ हा वेगळा शब्द आहे. मी पेन घेतलं आणि अनुस्वार दिला.

लवू